‘फॉर ऑल मॅनकाइंड’ : चंद्रावरच्या डागडुजीची मालिका

रॉकेट सुटताना दाखवणं सोपं असतं. काउंटडाउन, आग, धूर, टीव्हीसमोर हात जोडून बसलेली बायको, झालं काम. सुटल्यावर तिसऱ्या दिवशी एखादी झडप अडकली तर ती कोण सोडवणार, कुठल्या हत्याराने आणि किती मिनिटांत, हे दाखवायला मात्र अभ्यास लागतो. ॲपल टीव्हीवरच्या ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ने तो केला आहे, निदान अर्ध्याअधिक वेळा. उरलेल्या वेळात ती गुरुत्वाकर्षण विसरते, संदेश पोचायला लागणारा वेळ विसरते, आणि तिसऱ्या पर्वात तर चक्क सासू-सुनांच्या मालिकांच्या वाटेला लागते. तरीही पहिली दोन पर्वं चुकवू नयेत.

मालिका १ नोव्हेंबर २०१९ला सुरू झाली. रोनाल्ड डी. मूर, मॅट वोल्पर्ट आणि बेन नेदीवी हे तिचे निर्माते. हे परीक्षण पहिल्या चार पर्वांचं आहे, प्रत्येकी दहा भागांचं. एक पर्व संपलं की कथा साधारण दहा वर्षं पुढे उडी मारते: १९६९, १९८३, १९९०चं दशक, २००३. मधल्या वर्षांत काय झालं ते पर्वाच्या सुरुवातीच्या बातम्यांच्या तुकड्यांत उरकलेलं असतं. ही पाच मिनिटं जेवणाची ताटं घेता घेता बघायची नाहीत. खऱ्या जगात १९८०मध्ये खून झालेला गायक जॉन लेनन इथे जिवंत राहतो, यासारख्या बारीकसारीक गंमती तिथेच आहेत. पुढे कथेचे काही धागे उघड होतील; शेवट मात्र सांगत नाही.

पहिल्याच भागात, जून १९६९मध्ये, सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव चंद्रावर उतरतो. अमेरिका दुसरी येते, आणि हरल्यामुळे शर्यत सोडायचं नावच घेत नाही. मालिकेचा सगळा डोलारा या एका ‘जर’वर उभा आहे. लिओनोवची निवड हवेतून आलेली नाही. अंतराळात यानाबाहेर पडलेला तो पहिला माणूस, १८ मार्च १९६५चा. सोव्हिएत चांद्रमोहिमेसाठी त्याचीच तयारी चालू होती आणि त्यांच्या चांद्रयानात उतरायला एकाच माणसाची जागा होती. (खरा लिओनोव ऑक्टोबर २०१९मध्ये गेला, मालिका यायच्या तीन आठवडे आधी.) सोव्हिएत कार्यक्रमाचा प्रमुख अभियंता सर्गेई कोरोल्योव प्रत्यक्षात जानेवारी १९६६मध्ये शस्त्रक्रियेदरम्यान वारला. मालिकेच्या इतिहासात तो जगतो, असा मूर यांचा खुलासा आहे.

इथे जाणकाराची भुवई वर जाते. सोव्हिएतांचं चंद्रासाठीचं एन-१ रॉकेट चार वेळा उडवलं आणि चारही वेळा पहिल्या टप्प्यातच गेलं. ३ जुलै १९६९ला तर ते उलटं येऊन स्वतःच्याच तळावर पडलं. पहिल्या टप्प्याला ३० इंजिनं होती, आणि अख्खा टप्पा जमिनीला बांधून पेटवून बघायला चाचणी-मंच बांधलेलाच नव्हता. शिवाय इंजिनातल्या काही झडपा एकदाच उडणाऱ्या बारूदी, म्हणजे जे इंजिन तपासलं ते वापरता येत नाही आणि जे वापरायचं ते तपासलेलं नाही. एकेका खेपेतली थोडी इंजिनं पेटवून बाकीची चांगली असतील असं धरायचं. हा घोळ एक माणूस जगल्याने मिटला असता असं वाटत नाही; पैसा आणि चाचणी-मंच दोन्ही लागले असते. मालिका यावर वाद घालत बसत नाही, थेट पुढे जाते. कथेसाठी ते बरंच झालं.

पहिल्या पर्वाचं खरं सोनं जेम्सटाउन तळावर आहे. १९७३, शॅकल्टन विवराचा काठ, आणि तीन माणसांना कशीबशी पुरेल अशी एक खोली. भिंतीला बंक, दोरीवर वाळत घातलेले कपडे, एक टीव्ही आणि एका विनोदी मालिकेचे तेच ते भाग. एड बाल्डविन (जोएल किनामन), गॉर्डो स्टीव्हन्स (मायकेल डॉर्मन) आणि डॅनिएल पूल (क्रिस मार्शल) तिथे ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस अडकतात. संवाद पाठ झालेले, विनोदाच्या आधीच ओठ हलायला लागलेले. मग गॉर्डोला मुंगी दिसते. चंद्रावर मुंगी. ‘हाय बॉब’ या सातव्या भागात ना स्फोट आहे ना पाठलाग, आणि चाळीस भागांत तोच सर्वांत घट्ट बांधलेला आहे. माणूस हेही एक यंत्र आहे आणि त्यालाही देखभाल लागते, हे इतक्या शांतपणे दाखवलेलं क्वचितच दिसतं.

तळासाठी शॅकल्टनची निवड लेखकांनी उगाच केलेली नाही. सुमारे २१ किलोमीटर व्यासाचं हे विवर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाला लागून आहे. सूर्य तिथे कायम क्षितिजालगत फिरतो, त्यामुळे काठावरच्या काही उंचवट्यांवर वर्षाचा बराच काळ ऊन असतं आणि चार किलोमीटर खोल तळाशी ते कधीच पोचत नाही. काठावर सौरपट्ट्या लावायच्या आणि तळातून बर्फ काढायचा, असा हिशेब. ध्रुवांवरच्या कायम सावलीत बर्फ टिकून असावा ही कल्पना १९६१च्या एका शोधनिबंधातली, म्हणजे मालिकेतल्या शास्त्रज्ञांना ती ठाऊक असणं अगदी शक्य आहे. आपल्या चांद्रयान-१ने १४ नोव्हेंबर २००८ला सोडलेला आघात-शोधक याच शॅकल्टनच्या जवळ जाऊन आदळला होता, हे लक्षात ठेवून तो प्रसंग बघा, जास्त रंगतो.

मॉली कॉब (सोन्या वॉल्गर) दोराला लटकून विवरात उतरते आणि बर्फ शोधते, तो प्रसंग दिसायला झकास आहे. पण तिथलं तापमान उणे १८० अंशांच्या आसपास किंवा त्याहून खाली असतं. त्या थंडीत साधं रबर काचेसारखं तडकतं, वंगण गोठतं, बॅटरी मान टाकते. विंचचा दोर, हातमोज्यांची बोटं आणि दिवा या तीन गोष्टी आधी दगा देतील. मालिकेत विंचवरचा ताण तेवढा दिसतो, थंडी दिसत नाही.

बिघाडाचा सर्वांत चांगला नमुना नवव्या आणि दहाव्या भागात आहे. अपोलो-२४ पृथ्वीच्या कक्षेत पोचतं, पण सॅटर्न-५ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचं इंजिन दुसऱ्यांदा पेटत नाही. याचं गणित साधं आहे. कक्षेत यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर, चंद्राकडे निघायला १०.८ लागतो. मधले तीन किलोमीटर त्या एकुलत्या एक जे-२ इंजिनाने जेमतेम सहा मिनिटांत द्यायचे असतात. इंधन जळत जातं तसं यान हलकं होतं आणि प्रवेग वाढतो. शेवटी शेवटी इंजिन एकच सेकंद जास्त चाललं तरी वेगात सेकंदाला दहा मीटरहून अधिक फरक पडतो. आता दुसरं यान शेजारी आणून, माणसं बाहेर काढून, इंधनाने भरलेल्या टप्प्यावर दुरुस्ती करायची. काय बिघडू शकतं? नको त्या वेळी इंजिन पेटू शकतं. लेखकांनी नेमकं तेच धरलं आहे आणि त्याचे परिणाम शेवटपर्यंत नेले आहेत. चुकीच्या वेगाने निघालेलं यान नुसत्या हिमतीवर परत वळत नाही, वळायला इंधनच लागतं, हा साधा नियम या दोन भागांत एकदाही मोडलेला नाही.

मोडला आहे तो वजनाचा नियम, आणि तो जवळपास सगळीकडे. तळाबाहेर माणसं ठीकठाक उड्या मारत चालतात, आत शिरली की दादरच्या लोकलला निघाल्यासारखी. ८० किलोच्या माणसाचं वजन चंद्रावर १३ किलोइतकं आणि मंगळावर ३० किलोइतकं भरतं. परीक्षा घ्यायची असेल तर माणसांकडे बघू नका, पडणाऱ्या वस्तूंकडे बघा. टेबलावरून, म्हणजे मीटरभर उंचीवरून पडलेला पेला पृथ्वीवर ०.४५ सेकंदात, मंगळावर ०.७ सेकंदात आणि चंद्रावर १.१ सेकंदात खाली पोचतो. फरक नुसत्या डोळ्यांना कळण्याइतका मोठा आहे. मालिकेतले पेले सगळे पृथ्वीवरचेच. प्रत्येक प्रसंगात कलाकारांना तारांवर टांगणं परवडणारं नाही हे मान्य, पण ओतलेलं पाणी आणि फेकलेली पिशवी तरी संगणकावर हळू करता आली असती.

दुसरी चूक संभाषणाची. रेडिओ-लहरीला चंद्रापर्यंत पोचायला सव्वा सेकंद लागतो, उत्तर यायला एकूण अडीचच्या वर. ह्यूस्टनचं नियंत्रण-केंद्र आणि जेम्सटाउन यांची वादावादी मात्र शेजारच्या खोलीत बसल्यासारखी होते. मंगळावर (एका बाजूने ३ ते २२ मिनिटं) लेखकांनी हे बरंच सांभाळलं आहे. तिथे ध्वनिचित्रफिती पाठवल्या जातात, आणि त्या एकतर्फी बोलण्यातून काही उत्तम प्रसंग निघाले आहेत.

दुसरं पर्व १९८३चं. सुरुवात सौरवादळाने. खऱ्या इतिहासात ऑगस्ट १९७२मध्ये असंच मोठं वादळ झालं होतं, अपोलो-१६ आणि अपोलो-१७ यांच्या मधल्या काळात. त्या वेळी कुणी चंद्रावर असतं तर प्रकृतीवर बेतलं असतं. मालिकेत ते चंद्रावर माणसं असताना येतं. कणांच्या माऱ्याने जमिनीवरची धूळ पावसाच्या थेंबांनी उडावी तशी उडताना दाखवली आहे. सुंदर दिसतं, पण साफ खोटं. प्रोटॉन धुळीत घुसतात, तिला उडवत नाहीत. डोळ्यांना काहीच दिसणार नाही आणि खरी भीती त्यातच आहे. इशारा मिळाल्यावर आडोशाला पळायचं, जाडजूड खडक अंगावर घ्यायचा आणि डोसमीटर (अंगावर किती किरणोत्सार आला ते मोजणारं यंत्र) बघत बसायचं, हा क्रम मात्र बरोबर. मॉलीला तिथे काय किंमत मोजावी लागते, तेही थातुरमातुर उरकलेलं नाही.

याच पर्वात स्पेस शटल चंद्रापर्यंत जातात, आणि इथे मालिकेने हिशेबाची वही मिटून ठेवली आहे. खऱ्या शटलच्या कक्षा-इंजिनांकडे सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास वेगबदलाचं इंधन असायचं. चंद्राकडे निघायला लागतात ३,१००. कक्षेत पुन्हा इंधन भरलं असं धरलं, तरी पंख आणि चाकं चंद्रावर निरुपयोगी, आणि परत येताना सेकंदाला ११ किलोमीटरने वातावरणात शिरायचं तर शटलच्या टाइल्स त्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या. ‘पाथफाइंडर’ हे अणुइंजिनाचं यान त्याहून देखणं आणि त्याहून अवघड. अणुइंजिन ही थाप नाही. नेर्वा नावाचा खरा कार्यक्रम होता, नेवाडात चाचण्या झाल्या, १९७३मध्ये तो बंद केला. पण त्यात हायड्रोजन लागतो, आणि एक टन द्रव हायड्रोजन ठेवायला १४ घनमीटर जागा. मालिकेतल्यासारखं विमानावरून सुटून थेट कक्षेत जायचं तर यानाच्या वजनाचा दोनतृतीयांश भाग हायड्रोजनचाच हवा. दीडशे टनांच्या यानात शंभर टन, म्हणजे १,४०० घनमीटर. खऱ्या शटलच्या मालकक्षात ३०० घनमीटर बसायचे. बाहेर टाकी नाही, आत जागा नाही, मग इंधन ठेवलंय कुठे?

असं असूनही दुसरं पर्व चारांत उजवं. कारण पुन्हा तेच, बारीक भागांची कदर. रॉकेट-बूस्टरच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग थंडीत कडक होते आणि गळते, हे प्रत्यक्षात २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजरच्या अपघाताने जगाला कळलं. मालिकेत तीच ओ-रिंग हेरगिरीचा विषय होते. चोरलेल्या आराखड्याबरोबर चोरलेली चूकही येते, आणि ती सांगायची की नाही हा पेच मार्गो मॅडिसन (रेन श्मिट) या अभियंतीसमोर उभा राहतो. रबराच्या एका कड्यावर एवढं नैतिक ओझं घालणं ही लेखनाची कमाल आहे.

शेवटच्या भागात अणुभट्टीचं शीतकरण बंद पडतं आणि दोघांना धड स्पेससूटशिवाय, अंगाला चिकटपट्टी गुंडाळून बाहेर पळावं लागतं. हे शक्य आहे का? काही सेकंदांपुरतं, हो. १९६६मध्ये ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या सूटची नळी निघाली. साधारण १४ सेकंदांत त्याची शुद्ध गेली. त्याआधी जिभेवरची लाळ उकळताना जाणवल्याचं त्याने नंतर सांगितलं. माणूस फुटत नाही, रक्त उकळून उडत नाही. शुद्धीचे दहा-पंधरा सेकंद हातात असतात, आणि श्वास रोखून धरला तर फुप्फुसं फाटतात, म्हणून सोडून द्यावा लागतो. पट्टीचा उपयोग एवढाच, की ती कातडीला सुजू देत नाही. प्रसंगाची लांबी त्या पंधरा सेकंदांपेक्षा जास्त ताणली आहे. माफ.

किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी एक खास गोष्ट पहिल्या पर्वाच्या अगदी टोकाला दडलेली आहे. नावं वर सरकायला लागली की ॲप आपोआप पुढच्या भागाकडे नेतं. ते रद्द करा आणि नावं संपेपर्यंत थांबा. १९८३ साल, भर समुद्र, आणि पाण्यातून वर येणारं एक अवाढव्य रॉकेट. ही ‘सी ड्रॅगन’ची कल्पना रॉबर्ट ट्रुॲक्स यांची, १९६२ची. १५० मीटर लांब, २३ मीटर व्यास, कक्षेत ५५० टन नेण्याचा आराखडा. प्रत्यक्षात कधी बांधलं नाही, पण त्यातली युक्ती मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या माणसाला चटकन पटेल. रॉकेट कारखान्यात न बांधता जहाजाच्या गोदीत, आठ मिलिमीटर पोलादी पत्र्याचं बांधायचं. आडवं तरंगवत ओढून खोल समुद्रात न्यायचं. इंजिनाच्या तोंडाला बलास्टची टाकी लावून ती पाण्याने भरायची, की बूड खाली जातं आणि रॉकेट उभं राहतं, टोक तेवढं पाण्यावर. लाँचपॅड नको, टॉवर नको, आवाजाने कुणाच्या घराची कौलं हलायला नकोत.

मालिका जे दाखवत नाही तेही किनाऱ्यावरच कळतं. खाऱ्या पाण्यात पोलादाशेजारी तांबं-पितळेसारखा धातू आला की पोलाद झिजायला सुरुवात होते. म्हणून पोलादी बोटींच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात, बोटीऐवजी तेच झिजतात. सी ड्रॅगनच्या इंजिनात तर मिश्रधातूंचं संमेलनच असणार. त्यात समुद्र खवळला की १५० मीटर उंचीचा खांब हेलकावणार, आणि त्या हेलकाव्यात द्रव ऑक्सिजन भरायचा, उणे १८३ अंशांचा. अरबी समुद्रात हे करायचं तर नोव्हेंबर ते मार्च, पुढे नाव काढू नका.

तिसऱ्या पर्वाची सुरुवात चाळीस भागांतली सर्वांत थरारक. अंतराळात फिरतं हॉटेल, त्यात लग्न, आणि एक थ्रस्टर (हॉटेल फिरवणारं छोटं इंजिन) चालूच राहतो. हॉटेलचा वेग वाढत जातो, पाहुणे जमिनीला चिकटायला लागतात. इथलं भौतिकशास्त्र चोख आहे. त्रिज्या १०० मीटर धरली तर मिनिटाला तीन फेऱ्यांत पृथ्वीइतकं वजन मिळतं. फेऱ्या दुप्पट, म्हणजे सहा झाल्या की वजन दुप्पट होत नाही, चौपट होतं. ८० किलोचा माणूस ३२० किलोचा. मधल्या आसाजवळ मात्र वजन जवळपास शून्यच राहतं. थ्रस्टर हाताने बंद करायला कुणीतरी बाहेर जायला हवं, आणि प्रत्येक मिनिटाला ते जाणं आणखी जड होत जातं. हा एक भाग विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्तुळाकार गती शिकवण्याआधी जरूर बघावा.

पुढे नासा, सोव्हिएत आणि हेलिओस ही खासगी कंपनी यांची मंगळाची शर्यत. नासाचं सोजर्नर यान सौरशिडं उघडतं आणि पुढे सरकतं. डोळ्यांचं पारणं फिटतं, हिशेब फिटत नाही. पृथ्वीच्या अंतरावर एक चौरस किलोमीटर आदर्श शिडावर सूर्यप्रकाशाचा दाब जेमतेम ९ न्यूटन भरतो, हातात धरलेल्या किलोभर तांदळाच्या पिशवीइतका. शंभर टनांच्या यानाला त्यातून दिवसाला सेकंदी आठ मीटरचा वेग मिळेल, मंगळाजवळ त्याच्याही निम्म्याहून कमी. शंभर दिवसांनी फरक पडतो हे खरं. पण शिडं उघडल्याबरोबर कुणी खुर्चीत मागे रेलत नाही. पृथ्वीवरची वीज चंद्रावरच्या हेलियम-३ या अणुइंधनाने येते असंही याच पर्वात गृहीत धरलं आहे. चांद्रमातीत हेलियम-३ अब्जात दहा-वीस भाग असतो, म्हणजे एक किलो मिळवायला पन्नास हजार ते लाख टन माती उकरून तापवायची. आपल्याकडच्या चिरेखाणींचे मालकही हे ऐकून खाली बसतील.

या पर्वाचं पाप वेगळंच आहे. गॉर्डोचा मुलगा डॅनी आणि त्याचं जुनं प्रेमप्रकरण यांनी तासच्या तास खाल्ले आहेत. मंगळावर न्यायच्या माणसाची मानसिक चाचणी कुणी घेतलीच नाही का, हा प्रश्न तिसऱ्या भागापासून पडतो आणि उत्तर मिळत नाही. रिमोटवरचं दहा सेकंद पुढे जाण्याचं बटण इथे बिनदिक्कत वापरावं. मंगळावर पहिलं पाऊल कुणाचं, या कोड्याचा उलगडा मात्र भन्नाट आहे.

चौथं पर्व २००३चं, आणि कोकणात ते सगळ्यांत जास्त भिडेल. इथे नायक अंतराळवीर नाही, कंत्राटी कामगार आहे. माइल्स डेल (टोबी केबेल) तेलाच्या रिगवरचा माणूस. नव्या ऊर्जेमुळे तेलाचा धंदा बसला, घर मोडायला आलं, म्हणून तो हेलिओसशी करार करून मंगळावर जातो. करारात इंधन-तंत्रज्ञाचं काम लिहिलेलं. पोचल्यावर कळतं की ती जागा नाही, वातानुकूलनाच्या नळ्या साफ करायच्या आहेत, पगारही त्याच हिशेबाने कमी. राहायला खालच्या मजल्यावरची कोंदट जागा, वरच्या मजल्यावर अंतराळवीर आणि अधिकारी. आखातात किंवा जहाजावर माणूस पाठवलेल्या घरांना यातलं काहीच नवं नाही: एजंटने सांगितलेलं काम एक, साइन ऑन केल्यावर मिळालेलं दुसरं, आणि मधेच सोडून यायचं म्हटलं तर परतीचं भाडं कोण देणार. माइल्सच्या बाबतीत तर पुढची बोट नाहीच. पृथ्वी-मंगळ यांची सोयीची स्थिती दर २६ महिन्यांनी एकदा येते. मग चोरटा बाजार सुरू होतो, दारू गाळली जाते, आणि सामंथा मॅसी (टायनर रशिंग) संप घडवून आणते. संपाची मागणी, वाटाघाटी, फूट पाडण्याचे डाव, हे सगळं गिरणी संपाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या चाकरमान्यांच्या घरात टीव्हीशी बोलत बोलत बघितलं जाईल.

इरिडियम या महागड्या धातूने भरलेला लघुग्रह पृथ्वीकडे वळवायचा की मंगळाशीच ठेवायचा, इंजिन काही मिनिटं जास्त चालवायचं की नाही, यावर पर्वाचा शेवट बेतलेला आहे. नाट्य पक्कं, आकडे कच्चे. एक किलोमीटर व्यासाचा खडक धरला तर त्याचं वस्तुमान दोन अब्ज टनांच्या घरात. इंजिनातून वायू सेकंदाला १०० किलोमीटरने बाहेर पडतो असं उदारपणे मानलं, तरी त्या खडकाचा वेग सेकंदाला एक मीटरने बदलायला वीस हजार टन इंधन जळेल. आणि एड बाल्डविनचा म्हाताऱ्याचा मेकअप! कपाळ सत्तरीचं, खांदे चाळिशीचे. मंगळाचं कमी गुरुत्वाकर्षण मानवलं असावं.

आता बघायचं कसं. ॲपल टीव्हीची वर्गणी महिना ९९ रुपये, नव्या ग्राहकाला सात दिवस फुकट. आयफोन लागत नाही, अँड्रॉइड फोनवर आणि बहुतेक स्मार्ट टीव्हींवर ॲप चालतं. चाळीस भाग म्हणजे ढोबळ चाळीस तास. रोज दोन भाग धरले तर एका महिन्याच्या वर्गणीत सगळं आटपतं. मासेमारी बंदीचे जून-जुलै त्यासाठी बरे, पण तेव्हाच इंटरनेटची लाइन आणि वीज दोन्ही जातात. एचडीला ८ एमबीपीएसची लाइन पुरते, तासाला साडेतीन जीबीपर्यंत डेटा जातो. ४केला २५ एमबीपीएस हवी आणि डेटा तिप्पट. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत एक भागही धड होणार नाही. वायफाय मिळेल तिथे फोनवर भाग उतरवून ठेवणं सोयीचं. टीव्ही, राउटर, पंखा आणि एक दिवा मिळून २०० वॅट धरले तर १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी पाच-सहा तास काढते. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाच्या आवाजात टीव्हीचा स्पीकर हरतो, आणि निम्मे संवाद खरखरत्या रेडिओवरचे आहेत. इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा. मराठी डबिंग नाही.

लहान मुलांबरोबर बसू नका. शिव्या भरपूर, शय्यादृश्यं आहेत, काही मृत्यू अंगावर येणारे. दहावीच्या पुढच्या मुलांना चालेल. शाळेच्या सभागृहात घरच्या वर्गणीवर दाखवायचा विचार असेल तर तसं करता येत नाही, ती वर्गणी घरापुरतीच असते.

वर्गणी दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहते. ॲपमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती रद्द करता येते. पैसे भरलेले दिवस संपेपर्यंत बघता येतं, म्हणून वर्गणी भरल्यावर दुसऱ्याच दिवशी रद्द करून ठेवली तरी नुकसान नाही. फुकटच्या सात दिवसांत मात्र रद्द केलं की बघणं लगेच बंद होऊ शकतं, ते सहाव्या दिवशी करा.